बाल्कनी बाहेरच राहू द्या

घराची बाल्कनी काचेने बंद करू नका. करायचीच असेल, तर वर्षातले निदान आठ महिने ती सताड उघडी ठेवता येईल अशी करा. या आठवड्यात मला एवढंच सांगायचं आहे आणि ते ठासून सांगायचं आहे. पाऊस ओसरला की स्लायडिंगवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात आणि दिवाळीच्या आत बाल्कनी ‘आत घेऊन’ टाकायची घाई घरोघरी उडते. एकदा सेक्शन ठोकले आणि मधली भिंत पाडली की मागे फिरणं महाग पडतं.

बाल्कनी बंद करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांची गरज मला दिसते. दोन खोल्यांत पाच माणसं, दहावीच्या मुलाला टेबल टाकायला कोपरा नाही, आजोबांची कॉट हॉलमध्ये, रस्त्याची धूळ, कबुतरांची घाण, रांगायला लागलेलं मूल आणि खाली सहा मजल्यांची खोली. अशा घराला चाळीस-पन्नास चौरस फूट जास्तीचे मिळतात म्हटल्यावर कुणालाही मोह होणारच. माझं भांडण आहे ते ‘काच लावा, बारमाही खोली मिळवा’ या आश्वासनाशी. ते आश्वासन आपल्या हवेत खोटं ठरतं.

मुळात आपली बाल्कनी बाराही महिने वापरातच असते. थंडीत सकाळचं कोवळं ऊन, उन्हाळ्यात दिवेलागणीनंतरचा वारा, पावसाळ्यात झड नसेल तेव्हाचा चहा. कपडे तिथे वाळतात, कुरडया-पापड तिथे वाळतात, तुळस आणि कढीपत्ता तिथे जगतात. काच आली की यातलं निम्मं बंद पडतं आणि बदल्यात जी खोली मिळते ती मार्च ते जून दुपारी बसण्याच्या लायकीची राहत नाही.

कोथरूडच्या एका स्नेह्यांनी पश्चिमेची बाल्कनी अशीच बंद करून घेतली. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्याकडे गेलो होतो. ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर तळहात टेकवत नव्हता. जाड पडदे पुरते ओढलेले, त्यामुळे भर दुपारी दिवा लावलेला. मनीप्लांटची काचेकडची पानं करपलेली, आतली हिरवी. मुलीसाठी मुद्दाम करून घेतलेलं अभ्यासाचं टेबल पुन्हा बेडरूममध्ये गेलं होतं आणि बाल्कनीत इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, रिकाम्या बॅगा आणि व्यायामाची सायकल उभी होती. हॉल आणि बाल्कनीमधला दरवाजा काढून टाकलेला, म्हणून हॉलचा एसी दुपारपासून चालू, आणि तरीही सोफ्याच्या त्या टोकाला कुणी बसत नव्हतं.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण स्लायडिंगवाला ते सांगत नाही. बाल्कनी बंद करण्यापूर्वी हॉलची खिडकी किंवा दरवाजा चार-पाच फूट आत होता. त्याच्यावर वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब होता, म्हणजे चांगला रुंद छज्जा. आपण काय करतो? काच थेट बाहेरच्या कडेला नेऊन बसवतो. वरच्या स्लॅबची सावली तिथे पडतच नाही. सावलीतली खिडकी आपण हौसेने उन्हात नेऊन ठेवतो आणि वर खर्च करतो.

आता हिशेब करा. दहा फूट लांब, आठ फूट उंच अशी काच म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या घरात आत सोडते. म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता घरात. एक टनाचा एसी तेवढीच उष्णता बाहेर टाकू शकतो. तेव्हा एका टनाचा एसी निव्वळ या काचेची भरपाई करण्यात खर्ची पडतो. माणसांचा, स्वयंपाकाचा, तापलेल्या भिंतींचा उकाडा अजून तसाच बाकी असतो.

आलेलं ऊन परत जात नाही हे दुसरं दुखणं. उन्हाने फरशी आणि भिंत तापते आणि तापलेली वस्तू जी उष्णता सोडते तिला काच बाहेर जाऊ देत नाही. उघड्या बाल्कनीत हे काम वारा करतो. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा येतो, पुण्यात संध्याकाळी पश्चिमेकडून. त्याच्या तोंडावर आपण काच लावलेली असते. ‘उघडता येते ना’, असं उत्तर मिळतं. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी जास्तीत जास्त निम्मी उघडते, तीन ट्रॅकची दोन तृतीयांश. उरलेल्या भागात एका काचेमागे दुसरी काच उभी. आणि आतून पडदे लावून काही साधत नाही, कारण पडद्याला ऊन लागतं तेव्हा ते काच ओलांडून घरात आलेलं असतं. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धे पैसे वाचतील.

दिशेचा विचार मात्र हवा. सगळ्या बाल्कन्या सारख्या नसतात. डिसेंबरात भर दुपारी मुंबईच्या दक्षिण आकाशात सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या काचेतून हिवाळ्यात ऊन आत येतं. मेच्या मध्यावर तो भर दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा त्याच काचेला तो फारसा दिसत नाही. उत्तर-दक्षिणेच्या बाल्कनीला माझा विरोध म्हणूनच बेताचा आहे. पूर्वेची काच सकाळी दहापर्यंत तापते आणि मग निवते. पश्चिमेची काच मात्र घराचा सगळा दिवस साचलेला उकाडा संध्याकाळी दुप्पट करते. आणि वरच्या मजल्याच्या टेरेसवर काचेचं छप्पर घालून ‘गार्डन रूम’ करणं हे तर सरळसरळ चूक आहे. मेमध्ये डोक्यावरचं ऊन झेलायला आपण छपराऐवजी काच ठेवतो. अशा खोलीचं छप्पर वर्षाच्या आत ताडपत्रीने झाकलेलं मी पाहिलं आहे.

काचेची खोली ही थंड मुलखातली गरज. इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला, १८५१ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने लंडनच्या हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभा केला आणि पुढे घराच्या मागच्या बाजूला काचेची कॉन्झर्व्हेटरी जोडण्याची हौस मध्यमवर्गातही पसरली. तिथे ऊन दुर्मीळ, म्हणून ते कोंडून ठेवायचं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांमागच्या सनरूमचंही तेच. बर्फात बसून चहा पिता यावा म्हणून तिला दुहेरी काच आणि वेगळं हीटिंग लागतं, तेव्हा कुठे ती चारही ऋतूंची होते.

आणि तिथलाही नियम काय म्हणतो पाहा. इंग्लंडमध्ये ठरावीक आकाराच्या आतली कॉन्झर्व्हेटरी इमारत-नियमांतून सुटते, पण मूळ घर आणि ती यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचा दरवाजा असलाच पाहिजे आणि घराची हीटिंग तिच्यात नेता येत नाही. म्हणजे काचेच्या खोलीचं ऊन-थंडी घरात शिरू नये याची काळजी ज्या देशाने ही खोली लोकप्रिय केली त्याच देशाने घेतली. आपण पहिली गोष्ट करतो ती मधला दरवाजा काढण्याची! शिवाय जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या घरांना उकाड्यापासून वाचवण्याचा वेगळा नियम लागू झाला. त्यात काच किती असावी यालाही मर्यादा आहे. महिनाभराने, १९ जुलैला, तिथे पारा चाळीस अंशांपलीकडे गेला. लंडन काच कमी करायला निघालं आहे आणि ठाणे-पिंपरी वाढवतंय.

आपल्याकडे पावसाशी आणि उन्हाशी निभावण्याची रीत होती, आणि ती उत्तम होती. कोकणात मृग लागायच्या आत पडवीला झड्या बांधत. नारळाच्या झावळांची विणलेली झापं पावसाच्या अंगाला उभी केली की झड आत येत नाही, हवा मात्र खेळती राहते. पाऊस सरला की झड्या सोडायच्या, पडवी पुन्हा मोकळी. गरज चार महिन्यांची, आडोसाही चार महिन्यांचा. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची तावदानं असत. त्यांतून येणारा उजेड मऊ असतो, डोळ्यांवर येत नाही. आणि दाराबाहेरचं बाल्कांव, बसायला दोन्हीकडे ओटे, वर छप्पर, बाजू मोकळ्या. विदर्भात वाळ्याचे ताटे आणि बांबूच्या चिका. यातली एकही गोष्ट कायमची ठोकलेली नाही. ऋतू बदलला की घर बदलतं.

हे गरिबीतलं जुगाड होतं असं कुणी म्हणेल, तर त्याने मुंबईतल्या कंबाला हिलवर जाऊन कांचनजंगा बघावी. १९८३ साली पूर्ण झालेली चार्ल्स कोरियांची ही २८ मजली इमारत. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारा पण पश्चिमेलाच. कोरियांनी याचं उत्तर जुन्या बंगल्यांकडून घेतलं. त्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असे, ऊन-पाऊस तोच झेली आणि आतल्या खोल्या थंड-कोरड्या राहत. कांचनजंगात दोन मजली उंचीच्या गच्च्या इमारतीच्या कोपऱ्यांत खोल खोदल्यासारख्या बसवल्या आहेत. अतिशय श्रीमंतांच्या घरात, जिथे चौरस फुटाला सोन्याचा भाव, तिथे एवढी जागा उघडी ठेवायचं धाडस या माणसाने केलं, कारण उघडी जागा हाच घराचा छज्जा आहे हे त्याला ठाऊक होतं. मला ही इमारत मुंबईतल्या कुठल्याही काचेच्या टॉवरपेक्षा हुशार वाटते.

पावसाकडे येऊ. ‘काच लावली की पाणी येणार नाही’ हे दुसरं आश्वासन. जुलैतला पश्चिमेचा पाऊस आडवा येतो. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं, ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकला बारीक भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांत पहिल्याच वर्षी धूळ, सिलिकॉनचे तुकडे आणि कबुतराची पिसं जाऊन बसतात. मग पाणी आतल्या बाजूने फरशीवर उतरतं. बाल्कनीची फरशी आत घेताना लोक ती हॉलच्या पातळीला आणतात, खालचं आउटलेट बुजवतात, म्हणून आलेल्या पाण्याला वाटच राहत नाही आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. सोसायटीतली निम्मी भांडणं इथून निघतात. उघड्या बाल्कनीत पाणी यायचं आणि निघून जायचं. तिचा उतारच तसा होता.

वजनाची गोष्ट तर कुणी विचारतच नाही. बाल्कनी बहुतेक वेळा अधांतरी असते, एका बाजूनेच इमारतीत धरलेली. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. आठ मिलिमीटरची काच आपल्या त्या साडेसात चौरस मीटरला दीडशे किलो भरते. वर फ्रेम, पातळी जुळवायला घातलेला कोबा, नवी फरशी आणि मग कपाट. काच नेमकी बाहेरच्या टोकाला बसते, आणि टोकावरचं वजन सगळ्या स्लॅबवर पसरलेल्या तेवढ्याच वजनाच्या दुप्पट ताण मुळाशी आणतं. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत, जिथे बाल्कनीच्या खालून सळ्या दिसायला लागल्या आहेत, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता हे काम करणं म्हणजे खालून जाणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

काच कुठली, हाही जिवाचाच प्रश्न. साधी काच फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे पडतात. टफन काच चार-पाच पट बळकट असते, फुटली तर तिचे बारीक खडे होतात, पण ती क्वचित आपोआपही फुटते, आतल्या सूक्ष्म दोषामुळे, आणि दहाव्या मजल्यावरून खाली येणारे ते खडे कुणाच्या डोक्यावर पडतील याचा नेम नसतो. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट थर असतो, तडा गेला तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. उंचावर, कठड्याच्या जागी आणि डोक्यावर लॅमिनेटेडच हवी. कोटेशनमध्ये नुसतं ‘आठ एमएम काच’ लिहिलेलं असेल तर तो कागद परत करा.

आणखी एक, अगदी तातडीचं. स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत गॅसगिझर असेल, तर ती काचेने कधीही बंद करू नका. कोंडलेल्या जागेत गॅसगिझरमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणसं आंघोळ करता करता बेशुद्ध होऊन दगावतात. एसीचं बाहेरचं युनिट बंद बाल्कनीत कोंडणंही चूकच. ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि बिल वाढतं.

सरकारने आणि महापालिकांनी या प्रकरणात फारसं भलं केलेलं नाही. मुंबईत एके काळी मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपर्यंत बाल्कनी एफएसआयमधून मोकळी होती आणि अधिमूल्य भरून ती बंद करायची सोयही होती. जानेवारी २०१२ मध्ये फंजिबल एफएसआय आला आणि बाल्कनी मोजणीत धरली जाऊ लागली. जी मोजली जाते ती जागा विकासक उघडी कशाला ठेवील? उलट बाजूने, केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता आणली. तिच्यात मुंबई-कोकणासारख्या दमट-उष्ण पट्ट्यात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान एक षष्ठांश असावं असं म्हटलं आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडं. बाल्कनी काचेने बंद केली की आतल्या बेडरूमची खिडकी मोकळ्या हवेत उघडतच नाही, दुसऱ्या खोलीत उघडते. संहितेतला हा आकडा परवानगीच्या टेबलावर कुणी विचारावा, ही माझी मागणी आहे.

मग कबुतरं, धूळ, मूल यांचं काय? कबुतरांना जाळी पुरते. मुलासाठी स्टीलच्या बारीक तारांची ग्रिल किंवा उंच कठडा. वारा अडत नाही. पावसाच्या झडीला गुंडाळता येणारे बाहेरचे पडदे, जूनमध्ये सोडायचे, ऑक्टोबरात गुंडाळायचे. पश्चिमेच्या उन्हाला बांबूची चिक, तीही बाहेरून. एवढं करून बघा आणि एक पूर्ण वर्ष काढा. काचेच्या खर्चाच्या बऱ्याच खाली हे भागतं आणि काही तोडावं लागत नाही.

तरीही खोलीची गरज खरीच असेल, अभ्यासाला जागा हवीच असेल, तर मधली भिंत आणि दरवाजा ठेवा. स्लायडिंगऐवजी पूर्ण दुमडून बाजूला जाणारी काच घ्या. ऊन अडवणारी काच घ्या. साधी काळी फिल्म नको, ती काच स्वतःच तापवते. बाहेरून सावली द्या. फरशीचा उतार आणि आउटलेट जसंच्या तसं ठेवा.

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. या वर्षीच्या विषयपत्रिकेत बाल्कनीचा विषय घ्यायला सचिवांना आजच पत्र द्या. तीन ठराव मागा: पश्चिमेच्या सगळ्या बाल्कन्यांना बाहेरून लावायच्या चिकांचा एकच रंग आणि एकच पद्धत, म्हणजे ‘इमारत विद्रूप दिसते’ हा आक्षेप निघेल, इंजिनिअरच्या लेखी अभिप्रायाशिवाय कुठल्याही बाल्कनीवर काच नाही, आणि ज्यांच्या ड्राय बाल्कनीत गॅसगिझर आहे आणि काच लागलेली आहे, त्यांची यादी करून ती काच या हिवाळ्याच्या आत काढायची.